सात व्होल्टवरचं वाचन

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. तो मी स्वतः जोडला होता. त्याचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कशाचाच वाटला नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होते. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं उघडून, झाडून, पुसून परत मिटल्यावर आपलंही एक असावं असं वाटलं, एवढंच. पण तेवढ्यावर मी थांबले नाही. नवी पेठेतल्या एका दुकानातून एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट आणलं आणि त्यात निळे दिवे असलेले चार पंखे बसवले. सोलापूरचा उन्हाळा बघता चार पंखे ही काळजी होती. निळे दिवे ही हौस. दुकानदारानं मला दोन्ही गरज म्हणूनच विकलं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिवे फार आवडले. ते हायस्कूलमधून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक, पण गाव त्यांना ओळखायचं ते कार्यक्रमांचे सूत्रसंचालक म्हणून. सत्कार असो, शोकसभा असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो, माईक आप्पांच्या हातात. त्यांचा आवाज मोठा होता आणि तो मोठा आहे हे त्यांना माहीत होतं. शोकसभेत तर ते असे रंगायचे की, आपला माणूस एवढा थोर होता हे घरच्यांना तिथंच पहिल्यांदा कळायचं. कॉम्प्युटर सुरू करायच्या दिवशी त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, तोही माझ्या हट्टामुळे गॅलरीत जाऊन, आणि आई व मी अशा दोन श्रोत्यांपुढे विज्ञान आणि संस्कार या विषयावर दहा मिनिटं बोलले. मग मी बटण दाबलं. पंखे घरघरले, खोली निळी झाली.

आई म्हणाली, "मांडव घातल्यासारखं दिसतंय. वाजंत्रीसकट."

त्याच सुमारास अंध मुलींच्या एका वसतिगृहातून आप्पांकडे विचारणा आली. तिथं इतिहासात बी.ए. करणारी एक मुलगी होती, सांगोल्याकडची. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. गेल्या वर्षी तिचा शेवटच्या वर्षातला एक पेपर राहिला होता, कारण पुस्तक वाचून दाखवायला येणाऱ्या बाई मध्येच यायच्या थांबल्या आणि पुस्तक अर्ध्यावर राहिलं. ब्रेलमध्ये ते मिळत नव्हतं. स्कॅन करून कॉम्प्युटरकडून वाचून घ्यावं, तर त्या जुन्या मराठी छपाईपुढं तेव्हाचे कॉम्प्युटर हात टेकत. यंदाही पेपर सुटला नाही तर वसतिगृहातली जागा सोडावी लागणार होती. परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती.

ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा आईनं विचारलं, "जागा गेली तर काय करशील गं?"

"घरी जाईन की. पण तितं मला कुणी काय काम बी सांगत न्हाय, काकू. नुसतं बसवून ठेवत्यात."

आप्पा उभे राहिले. "मी वाचीन," ते म्हणाले. समोर सभा नव्हती, तरी टाळ्यांना जागा ठेवून म्हणाले.

आधी मोबाइलवर प्रयत्न केला. पण फोन आला की रेकॉर्डिंग थांबायचं, आणि येणारा प्रत्येक फोन घेणं हे आप्पांना आपलं सार्वजनिक कर्तव्य वाटायचं. म्हणून मी कॉम्प्युटरला एक माईक लावून दिला. माईक दिसताच आप्पांची पाठ ताठ झाली. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून दार-खिडक्या बंद, छतावरचा पंखा बंद, आणि एप्रिलच्या उन्हात बनियनवर बसलेले आप्पा मराठेशाहीतल्या महसूल पद्धतीवर गरजत आहेत, असे ते दिवस होते. दोन प्रकरणं झाली. पेन ड्राइव्ह वसतिगृहावर पोचला. तिसऱ्या दिवशी मुलगी रिक्षानं आली.

"कसं वाटलं?" आप्पांनी विचारलं. शाबासकी घ्यायला ते खुर्चीत पुढं सरकून बसले होते.

"चांगलं हाय की, सर." ती थोडी थांबली. "पुस्तकाच्या मागं गिरणी चालू हाय का?"

मला हसू आलं. गिरणी माझीच होती.

"आणि सर, रागावू नका. आमच्याकडं लांब गेलेल्या मेंढराला अशी हाळी देत्यात. तसं तुमी वाचता. शब्द लई मोठे ऐकू येत्यात, पण वाक्य हाताला लागत न्हाय."

"इतिहास आहे तो," आप्पा म्हणाले. "त्याला ओज लागतं."

"पेपर मला लिहायचाय, सर. ओजाला मार्क न्हाईत."

"घ्या," आई आतून म्हणाली.

आप्पा दुखावले, पण त्यांनी सगळा दोष पंख्यांवर ढकलला. एवढ्या घरघरीवरून आवाज काढायचा तर माणूस ओरडणारच, हे त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचा कूलर बघायला मोटारी भरणारे काका आले. जळलेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातले. वडील मागावर होते, हे मोटारींकडे वळले. उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत डॉक्टरपेक्षा त्यांची वाट जास्त पाहिली जायची. कूलर झाल्यावर त्यांची नजर त्या निळ्या पेटीवर गेली.

"एवढ्याशा डब्याला चार पंखे? आमच्या घरात माणसं सात, पंखे दोन. त्यातला एक सासूबाईंच्या डोक्यावर."

"आवाज फार करतात हो," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून सुताचा एक तुकडा काढला आणि एकेका पंख्यासमोर धरला. चारही ठिकाणी सूत आत ओढलं गेलं.

"ताई, वारा सगळीकडनं आत येतोय. जातोय कुठनं?"

पुढून वारा आत घ्यायचा आणि मागून बाहेर सोडायचा, हे मी कॉलेजात मुलांना दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवत होते. पण या पंख्यांची देखणी बाजू एकच असते. मागच्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या दांड्या दिसतात. देखणी बाजू सगळीकडून बाहेर दिसावी म्हणून मी चारही पंखे एकाच तोंडाचे लावले होते. आप्पांच्या भाषणांना नावं ठेवणाऱ्या त्यांच्याच लेकीनं, म्हणजे मी, केलेलं हे काम.

मागचे दोन पंखे उलटे केले. काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून स्क्रूखाली दिले, म्हणजे पत्र्याची थरथर थांबली. मग म्हणाले, "आता जोर कमी कर. कूलरला रेग्युलेटर असतो, ह्याला काय नाही?"

त्या कॅबिनेटला नव्हता. पण उपाय मी कुठंतरी वाचला होता. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून जी जोडणी येते, तिच्यात पिवळी तार बारा व्होल्टची, लाल पाच व्होल्टची आणि काळ्या दोन तारा शून्याच्या. पंखा पिवळ्या आणि काळ्या तारेवर पूर्ण जोरानं चालतो. काळीच्या जागी लाल जोडली, तर बारातून पाच वजा होतात आणि पंख्याला सात मिळतात. नुसत्या पाचवर चालवून बघितलं, तर दोन पंखे बोटानं ढकलल्याशिवाय हलेनात. सातवर चौघंही मुकाट्यानं फिरू लागले. काकांनी त्यांच्या डब्यातलं एक छोटं बटण शोधून दिलं. ते मी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसवलं: एकीकडे सात, दुसरीकडे बारा.

सातवर टाकल्याबरोबर घरघर संपली. निळे दिवेही मंदावले.

"दिवे मेले," आप्पा हळहळले.

"मेले नाहीत, आप्पा. सात व्होल्टवर आहेत."

"कमी उजेडातच वाचायला लावणार म्हणजे तुम्ही मला."

दार-खिडक्या लावून घेतल्या. आप्पांनी पुस्तक उघडलं आणि नेहमीच्या आवाजात पहिलं वाक्य टाकलं. बंद खोलीत ते वाक्य भिंतीवर आपटून त्यांच्याकडेच परत आलं. ते थांबले. घसा खाकरला. परत सुरुवात केली, तर आवाज आपोआप खाली आला होता.

तो आवाज मी ओळखला. चौथीत मला टायफॉइड झाला होता तेव्हा आप्पा उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचे. बातम्या संपल्या की छोट्या जाहिराती, त्या संपल्या की मार्केट यार्डातले कांद्याचे भाव. झोप लागेपर्यंत वाचायचे, आणि लागल्यावरही थोडं वाचायचे, खात्री म्हणून. मधल्या वर्षांत तो आवाज कुठं गेला होता, याचा मी कधी विचारही केला नव्हता. सत्कार आणि शोकसभांच्या खाली दबून राहिला असावा.

सात व्होल्टवर यंत्र मात्र तापायचं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरचा वाराच भट्टीतला, तो आत घेऊन कोण गार होणार? दोन-अडीच पानं झाली की स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा वर चढायचा. मग आप्पा वाक्य संपवायचे, रेकॉर्डिंग थांबवायच्या आधी बटण बारावर टाकायचे, आणि पंख्यांनी पेटी गार करेपर्यंत आम्ही दार उघडून बसायचो. पाणी, टॉवेल, कधी कलिंगडाची फोड. दोन-अडीच पानांच्या मापानं महसूल पद्धत पुढं सरकत होती.

त्या मधल्या दहा-दहा मिनिटांत आप्पा जेवढं बोलले तेवढं आधीच्या वीस वर्षांत माझ्याशी बोलले नसतील. शाळेतल्या पहिल्या भाषणात ते मध्येच विसरले होते आणि तसेच उभे राहिले होते, हे मला तेव्हा कळलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पुढच्या वर्षी मोठ्यानं बोललो. मोठ्यानं बोललं की लोक मध्ये थांबवून विचारत नाहीत, बाळ. विसरलेलं पण खपतं."

त्यांनी हे पंखे सातवर असताना सांगितलं असतं तर आज रेकॉर्डिंगमध्ये असतं. आप्पा आता नाहीत. त्यांचे सत्काराचे हार घातलेले फोटो पुष्कळ आहेत. हे वाक्य फक्त माझ्याकडे आहे.

त्याच दिवसांत वसतिगृहातून मुलीचा फोन आला. "सर, आता पुस्तक ऐकू येतंय. पण दर थोड्या वेळानं टक करून काय वाजतंय?"

"पंख्याचं बटण. काढून टाकायला सांगतो हिला."

"नको नको. ऱ्हाऊ द्या. तितं मी पाणी पिते."

शेवटचं प्रकरण राहिलं तेव्हा परीक्षेला तीन दिवस होते. मी कॉलेजात होते. दुपारी आप्पांचा फोन आला. आवाज इतका लहान की मला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

"बंद पडला," ते म्हणाले. "मी वाचत गेलो. फार छान चाललं होतं गं. बटणाचं लक्षातच राहिलं नाही."

"किती वाचलं होतं?"

"जवळजवळ सगळं."

मध्ये कुठंही थांबून जपून ठेवलेलं नसल्यामुळे ते सगळं गेलं होतं. पेटी गार होऊ द्या, संध्याकाळी मी बघते, असं मी सांगितलं. पण संध्याकाळी प्रकरण परत वाचून, पेन ड्राइव्ह पोचवून, ते ऐकून होईपर्यंत तिच्या हातात काय उरणार, हा हिशेब आप्पांनी माझ्याआधी केला होता. मलाही राहवेना; मी लवकर निघून घरी पोचले तेव्हा ते सदरा घालून, पुस्तक पिशवीत टाकून जिन्यात उभे होते.

"कुठं?"

"तिच्याकडं. रिक्षा बोलाव."

तिचा पेपर सुटला, हे इथंच सांगून टाकते; उत्कंठा ताणण्याची कला आप्पांची, माझी नाही. ती पुढं एका शाळेत इतिहास शिकवू लागली. आता तिचा मोबाइलच तिला काय हवं ते वाचून दाखवतो. न थकता, न तापता आणि कुठल्याही ओळीवर सारख्याच आवाजात.

वसतिगृहाच्या बैठकीच्या खोलीत एक लांब बाक, दोन खुर्च्या आणि डोक्यावर एक पंखा होता. पंख्याची पाती कधीतरी वाकलेली असावीत. प्रत्येक फेऱ्याला तो खडखडायचा. मुलगी बाकावर बसली. आप्पांनी प्रकरण उघडलं, खडखडाटाकडे एकदा वर बघितलं, पाठ ताठ केली आणि जुन्या, पूर्ण आवाजात सुरुवात केली. बाहेरून जाणाऱ्या दोन मुली दचकून दारात थांबल्या.

ती उठली. भिंतीला हात लावत लावत बोर्डापर्यंत गेली आणि पंखा बंद केला. परत येऊन बसली.

"आता वाचा, सर."

मे महिन्यातली दुपारची चार वाजताची खोली. आप्पांनी चष्मा सारखा केला आणि वाचू लागले, अगदी साध्या आवाजात. दारातल्या मुली आत येऊन बाकाच्या टोकाला बसल्या. थोड्या वेळानं आणखी एक आली. आप्पांच्या सदऱ्याची पाठ हळूहळू भिजत गेली, पण कुणीही पंख्याचं नाव काढलं नाही.

एका ठिकाणी तिनं हात वर केला. "थांबा सर. हे परत."

आप्पांनी एक वाक्य मागं जाऊन ते परत वाचलं.

"न्हाय, त्याच्या आधीचं."

ते आणखी मागं गेले. कुणीतरी मध्येच थांबवून त्यांना विचारत होतं, आणि आप्पा बोट ओळीवर ठेवून, ती पुढचं विचारेपर्यंत, शांतपणे थांबले होते.