मामीच्या टाचेची स्लाइड

मंडळी, सकाळचा वर्ग अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मी बुऱ्हाणपूरला पॅथॉलॉजिस्ट आहे. त्वचारोग शिकणाऱ्या डॉक्टरांना रविवारी ऑनलाइन, मायक्रोस्कोपखालच्या स्लाइड्स वाचायला शिकवते. आज टाचेवरच्या काळ्या डागाची स्लाइड दाखवली. मुलांनी लगेच ओळखलं, "मेलेनोमा, मॅडम." म्हणजे त्वचेचा जीवघेणा कॅन्सर.

ती स्लाइड माझ्या फोपनारच्या मामीची होती. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात मामीने चप्पल काढून टाच पुढे केली होती. "बेटा, जरा पाह्य ना. हा डाग घासून पण जात नाही."

तिचा जन्म केळीच्या बागेत गेला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "केळीच्या चिकाचा डाग असेल, मामी."

बायोप्सी झाली तोवर कॅन्सर जांघेपर्यंत पोचला होता. गेल्या महिन्यात मामी गेली.

आज वर्गात पेशंट वाचली नाही असं सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, "पेशंट उशिरा आली होती का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "ती वेळेवर आली होती. मीच वाकून पाहिलं नाही."

पुढची स्लाइड मला लावता आली नाही.

तुम्हाला घरातल्या कुणी असा डाग दाखवला, तर खाली बसून, उजेडात बघाल ना?