न सापडलेले जोडीदार

१४ डिसेंबर. मोड आलेले वाल सोलत बसले होते. शेजारच्या बाई न बोलावता आल्या आणि परातीला हात लावला. मुंबईत भौतिकशास्त्रात संशोधन करून निवृत्त झाल्या, आता इथे कळंबला राहतात. वाल त्यांना सोलता येत नाहीत, दाण्याचे तुकडे होतात. मला ते बघून बरं वाटतं.

माझी मुलगी बारावीला आहे. माझ्यासमोर ती मोबाइल सोडत नाही. बाई आल्या की बाजूला ठेवते.

"मावशी, ते सुपरसिमेट्रीचं पुन्हा सांग ना."

बोलायच्या आधी बाई पदराने चष्मा पुसतात. "कण दोन प्रकारचे. काही वस्तू घडवतात, काही त्यांच्यातलं बल वाहून नेतात. या कल्पनेप्रमाणे प्रत्येक कणाला दुसऱ्या प्रकारातला एक जोडीदार असायला हवा. बहुधा खूप जड."

"सापडला का एखादा?" मी विचारलं.

"नाही हो. एकही नाही."

"मग इतकी वर्षं केलंत काय?"

"शोधत होतो," त्या हसल्या. "नसेलही."

मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. माझ्याकडे ती लहानपणी तशी बघायची. मी सगळं खात्रीने सांगते ते तिला ऐकवत नाही. या 'नसेलही' म्हणतात आणि ही जेवण विसरते.

१५ डिसेंबर. मुलगी उठायच्या आत त्याच वालांच्या बिरड्याचा डबा घेऊन बाईंकडे गेले. म्हटलं, "पुढचं काय असेल ते आधी मला शिकवा. तिला मी सांगेन."