देवाला काय सांगू?

रत्नागिरीच्या कॉलेजात मी तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. चांगलं जगणं म्हणजे काय, हा पाठ दरवर्षी जुलैत यायचा. कोण सुखाला मानतं, कोण कर्तव्याला, कोण वैराग्याला, सगळं मला तोंडपाठ. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमचं काय मत?" मी म्हटलं, "ते परीक्षेला येत नाही." वर्ग हसला, मीही हसले. ती मुलगी मात्र हसली नव्हती. ते अजून टोचतं.

गेल्या वर्षी नवरा गेला. मुलगा पुण्याला असतो, गुणी आहे. आईने आता आपल्याकडे यायचं, हे त्याने परस्पर ठरवलं. माझ्यासाठी खोली रंगवली, पुस्तकांना कपाट करून घेतलं. शिमग्याला गावी जायचं, पालखीचं दर्शन घ्यायचं आणि तिथूनच थेट पुण्याला, असा बेत होता. मी नाही म्हटलं नाही. आयुष्यभर म्हटलंच नव्हतं. आधी वडिलांना, मग सासूबाईंना, मग नवऱ्याला. आमच्याकडे याला समंजसपणा म्हणतात.

सामान आवरताना जुन्या नोट्स हाती लागल्या. चाळत बसले, तर एवढ्या पानांत माझं स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. मला माझाच संताप आला. मग मास्तरकीची खोड म्हणून स्वतःलाच गृहपाठ दिला. महिनाभर रोज संध्याकाळी वहीत लिहायचं: कुणी बघत नसतं, कुणी शाबासकी देणार नसतं, तरी केलं असतं असं आज मी काय केलं? पहिले आठ दिवस पान कोरंच राहिलं. मग हळूहळू उतरायला लागलं. बिनसाखरेचा कोरा चहा. पुस्तकाचं एकच पान तीनदा वाचणं. मासळीवालीशी घातलेली हुज्जत. कुणाला न सांगता मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाणं.

महिन्याअखेर वही वाचली. थोरामोठ्यांच्या व्याख्या तिच्यात कुठेच नव्हत्या. मला माझ्या घरात, माझ्या वेळेने जगायचं होतं, एवढंच. एवढंसं कळायला साठी उलटावी लागली. आणि कळूनही ते मुलाला सांगायचा धीर होईना.

सावर्ड्याकडच्या आमच्या गावी पालखी अंगणात आली. माझ्या सुनेने ओटी भरली. गाऱ्हाणं घालायला माझे चुलतदीर उभे राहिले. ते गावचे मानकरी. ज्याच्या दारी पालखी, त्याच्या मनातलं ते देवाला मोठ्याने सांगतात आणि जमलेले सगळे होकार भरतात. काय मागायचं ते दरवर्षी नवरा सांगायचा. यंदा घरात मोठी मीच.

"वयनी, काय सांगू देवाला? दरवर्षीसारकंच ना, पोराबाळांना सुखी ठेव म्हनून?"

होय अगदी जिभेवर आलं होतं. मुलगा शेजारीच हात जोडून उभा होता. पण आत्ता बोलले नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला लख्ख कळलं आणि मी घाबरले.

"ते सांगाच," मी म्हटलं. "आणि सांगा, मला रत्नागिरीला माझ्या घरीच राहायचंय. पुण्याला जायचं नाही."

दिरांनी एकवार मुलाकडे पाहिलं. मग डोळे मिटून खड्या आवाजात सुरुवात केली, "बा म्हाराजा, ही तुजी सून आपल्या घरात, आपल्या मनापरमानं ऱ्हानार हाय. तिच्या पाठीशी हुबा ऱ्हा रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण म्हणालं. मुलाचा आवाज त्यात नव्हता, तो खाली बघत होता.

दीर पुढे बोलेनात. घरच्यांचा होकार आल्याशिवाय ते पुढचं मागणं मागत नाहीत, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. लोकांनी पुन्हा होकार भरला. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर शेजारून एकट्याचा घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मला हवं ते मिळालं होतं, पण त्यासाठी पोटच्या पोराला मी चारचौघांत खाली बघायला लावलं होतं.

पालखी शेजारच्या घराकडे निघाली. ढोलाचा आवाज जरा लांब गेल्यावर तो म्हणाला, "आई, घरात सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं गं."

खरंच ऐकलं असतं त्याने. मीच त्याला कधी नाही म्हणून बघितलं नव्हतं.