गाळणीचा डबा

शेजारी रविवारच्या पुऱ्या तळायला घेतल्या की खिडकीतून आधी वास येतो, मग झाऱ्याचा आवाज. सुभानपुऱ्यातली आमची घरं इतकी लगटून आहेत की कोणाचं तेल नवं आणि कोणाचं तिसऱ्यांदा तापतंय, हे बसल्या जागी कळतं. आजचं जुनं होतं. तो जड, जरासा कडवट वास घरभर फिरला आणि मी नुसती बसून राहिले. पूर्वी या वासाने भूक लागायची. आता काहीच होत नाही.

आमच्या ओट्यावर गाळणी बसवलेला एक स्टीलचा डबा असे. तळण झालं की कढईतलं सिंगतेल, म्हणजे आपलं शेंगदाण्याचं तेल, निवल्यावर त्यात गाळायचं आणि पुढचे आठ दिवस भाजी-आमटीची फोडणी त्यातूनच द्यायची, ही सासूबाईंची रीत, मग माझीही झाली. तेल मोरीत ओतणं म्हणजे घरातली लक्ष्मी बाहेर घालवणं, असंच आम्ही मानत आलो.

हे बाजव्याला कारखान्यात नोकरीला होते. निवृत्त झाले आणि पोट सुटत गेलं. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडायचे आणि वर मलाच चिडवायचे, "तुझ्या हातची चव मोजतोय." डॉक्टरांनी मात्र तपासून सांगितलं की चरबी लिव्हरवरही चढते आहे, तळलेलं बंद करा. मी मोठ्या शहाणपणाने ह्यांच्या पुऱ्या, भजी बंद केली. रविवारी येणाऱ्या मुलांसाठी, आल्यागेल्यासाठी तळत राहिले, आणि त्यातलं उरलेलं तेल ह्यांच्या दुधीच्या, तोंडल्यांच्या फोडणीला घातलं. पथ्याच्या भाजीला! हे बिचारे रोज सकाळी बागेत फेऱ्या मारून यायचे आणि वजनाचा काटा जागचा हलायचा नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सरळ मलाच गुजरातीत विचारलं, "बेन, तळेलुं तेल फरी वापरो छो?" पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल पोटात गेलं तर नुसतं तळण सोडून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. मी पदर सारखा करू लागले. हेच चटकन म्हणाले, "ना रे साहेब, अमारे त्यां तो ताजुं ज तेल." आमच्याकडे ताजंच तेल असतं.

रिक्षात मी विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"जाऊ दे ना. परक्यापुढे तुझी मान कशाला खाली?"

"मग घरी गेल्यावर ओतून देऊ?"

"असं कसं ओतशील? आहे तेवढं संपव, पछी बंद."

मलाही ते पटलं. पण तो डबा संपेल कसा? दर रविवारी तळण व्हायचं आणि तळाशी गेलेलं तेल पुन्हा गळ्यापर्यंत यायचं. आम्ही दोघंही ते पाहत होतो, आणि दोघंही ते संपायची वाट पाहत होतो. मग एका सकाळी चहा पिता पिता हे गेले.

तेलाने गेले असं कोणी म्हणालं नाही. वय होतं, दमही लागायचा. खरं काय ते मला कधी कळणार नाही. अपराधी वाटायला हवं, तेही धड वाटत नाही. दाढ काढल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं आत सगळं बधिर आहे. दिवसकार्य आटोपून मुलं आपापल्या गावी गेली, रविवारी येईनाशी झाली. तळण थांबलं. डब्यात चार बोटं तेल होतं, ते मी एकटीच्या भाजीला चमचा चमचा घालत राहिले, कारण संपवायचं ठरलं होतं.

काल ते संपलं. डबा गरम पाण्याने धुतला, उन्हात पालथा घातला. आज शेजारचा वास ओसरल्यावर उठले आणि नवी पिशवी कापून फोडणीला तेल घेतलं. आमच्याकडे ताजंच तेल असतं, असं हे डॉक्टरांना म्हणाले होते. आता ते खरं झालं आहे.