कडेला तुटलेली वेल

कोसाडला आमच्या वसाहतीच्या फाटकाशी दर रविवारी एक बाई कुंपणाला दोरी बांधून आपली चित्रं लावते. लग्न होऊन ती धुळ्याकडून इथे सुरतेत आली आणि साड्या छापणाऱ्या मिलसाठी वर्षानुवर्षं कागदावर नक्षी रंगवत राहिली. ते काम कॉम्प्युटरनं नेलं, तेव्हापासून ती स्वतःची चित्रं काढते. नाव मी कधी विचारलं नाही. ब्रश धुतला की पदराला पुसायची तिची सवय, त्यामुळे पदर चित्रांहून रंगीत.

तिच्या प्रत्येक चित्रात वेल असते आणि ती कडेला अर्ध्या पानावर तुटते. एकदा मी विचारलं, "हे असं अर्धवट का सोडता?"

"हातले तीच सवय से, भाऊ," ती अहिराणीत म्हणाली, मग माझ्यासाठी मराठीवर आली. "साडीच्या नक्षीला शेवट नसतो, तोच तुकडा पुढे पुढे छापत जातात. इकडे तुटलेलं पान तिकडे जुळलंच पाहिजे. मला वेल संपवताच येत नाही."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, दोरीवरची सगळी चित्रं मिळून एकच वेल होती.

परवा एका गुजराती जोडप्याला नेमकं मधलं चित्र आवडलं. मला वाटलं, ती नको म्हणेल. तिनं हसत दोरीवरचे चिमटे सोडवले आणि "संभाळीने लई जजो", सांभाळून न्या, म्हणत ते देऊन टाकलं. वेल मधेच खंडली. मी हळहळणार, तोवर तिनं त्या जागी कोरा कागद लावला, दोन्हीकडची अर्धी पानं निरखली आणि ब्रश पाण्यात बुडवला.