चार बांबूंचा मांडव : कारंजाहून सेवाग्रामला, एका नाटकासाठी

आमच्या कारंजा (घाडगे) भागातून सेवाग्रामला निघालेला माणूस दिसला की लोक तिथला मोठा दवाखाना आठवून आधी विचारतात, "कोण भरती आहे?" या वेळी आम्ही नाटक पाहायला गेलो होतो, आणि हे वाटेत बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागलं.

नाटक एका ज्यू कुटुंबाचं आहे. जुनं, जगभर गाजलेलं संगीत नाटक. दूर देशातलं एक गाव, एक बाप, त्याच्या लग्नाच्या मुली आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या रीती. वर्ध्याच्या हौशी मंडळींनी ते मराठीत बसवलं आहे. माझी ताई सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे, ती त्यात थोरल्या मुलीचं काम करते. तिचा फोन आला, "दोन जागा ठेवल्या आहेत." दुसरी कोणासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईने दवाखान्याच्या लॅबमधल्या मुलाशी लग्न केलं. भाऊजी बौद्ध, आम्ही कुणबी. लग्न वर्ध्याला बुद्धवंदना घेऊन झालं. आई आणि मी गेलो. बाबा आले नाहीत, आणि तेव्हापासून ते ताईशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नाही, शिवीगाळ नाही. तिचा फोन आला की ते उठून गोठ्यात जायचे, एवढंच. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात कोणाच्याही घरी लग्न असलं की मांडवाचा पहिला खांब बाबा रोवतात. त्यांनी रोवलेला खांब हलत नाही, असं सगळे मानतात. पोरीच्या लग्नात मात्र तो खांब त्यांच्या हातून रोवायचा राहिला.

आई म्हणाली, "तूच ने त्यायले. मी आली तर रडीन, अन् मंग ते उठून जातीन."

मी भीत भीत विचारलं. बाबा बराच वेळ वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "नाटक पाहाले येतो. तिले भेटाले नाई."

मला तेवढं पुरे होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी बसच्या वेळा दोनदा विचारून आलो. कारंजा बसस्थानकावरून सकाळी आर्वीची बस पकडावी. बस यायला वेळ असेल तर हायवेवरच्या धाब्यांवर तर्रीपोहे चांगले मिळतात. ट्रकवाले जिथे थांबलेले दिसतील तिथे खावेत. थंडीचे दिवस असल्यामुळे संत्र्यांच्या गाड्या भरणं चालू होतं आणि सगळ्या रस्त्याला सालीचा वास होता. आर्वीहून थेट वर्ध्याची बसही मिळते. आम्ही पुलगावमार्गे गेलो, कारण बाबांना रेल्वेत बसायचं होतं. रस्ता काही ठिकाणी फार खराब आहे. ज्यांना बस लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं.

बसमध्ये बाबांनी स्वतःहून विचारलं, "हायेत कोण हे ज्यू?" मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. मी बारावीनंतर शिकलो नाही, त्यामुळे चुकीचं काही सांगितलं तर नाही ना, ही धाकधूक पुलगावपर्यंत होती.

पुलगावहून गाडीत समोर एक म्हातारी बाई बसली होती. तिने मांडीवरची पिशवी सावरली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"कोण भरती आहे जी?"

"कोणी नाई," बाबा म्हणाले. "नाटक पाहाले चाललो."

"नाटक? बाप्पा! मंग तब्येत चांगली आहे म्हणायची तुमची. कोणतं नाटक?"

"ज्यू लोकाईचं. बाप आहे, त्याले पोरी आहेत. पोरी ऐकत नाई."

"मंग आपल्याकडचंच आहे की," बाई म्हणाली.

डब्यातले सगळे हसले. बाबाही हसले, पण लगेच खिडकीबाहेर पाहू लागले.

नव्याने जाणाऱ्यांसाठी सांगतो : वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. गाडी कुठे थांबते ते आधी विचारून घ्या. आम्ही वर्ध्याला उतरलो. तिथून सेवाग्रामला शेअर ऑटो मिळतात. भरल्याशिवाय निघत नाहीत, तेवढं धरून चाला. दोघांचं जाणं-येणं, खाणं आणि एका रात्रीचा साधा लॉज, सगळं दोन हजारांच्या आत झालं.

आधी आश्रम पाहिला. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलूंचं छप्पर. आवारात इतकी शांतता होती की मला माझ्या पिशवीच्या प्लास्टिकचा आवाजही जास्त वाटला. कुटीत शिरताना बाबांनी चपला काढून उंबऱ्याबाहेर सरळ लावून ठेवल्या. आत त्यांनी भिंतीपेक्षा खांबच जास्त पाहिले. एकावर तळहात ठेवून म्हणाले, "सरळ लाकूड निवडलं बरं."

नाटक संध्याकाळी होतं. जागा गेली तर काय, या काळजीने मी बाबांना दुपारीच हॉलवर नेलं. ताईने जागा ठेवली आहे हे माहीत असूनही नेलं. तिथे रंगीत तालीम चालू होती. आम्ही मागच्या रांगेत बसलो. ताई कुठे दिसत नव्हती. मला बरं वाटलं आणि नाहीही.

नाटक बसवणाऱ्या मॅडम निवृत्त शिक्षिका आहेत. आवाज अजून वर्गातलाच. स्टेजवर एक पांढरं कापड, त्याच्या तीन कोपऱ्यांना तीन माणसं बांबू धरून उभी होती आणि चौथा कोपरा लोंबत होता. मॅडमनी वळून पाहिलं.

"ओ दादा, तुम्ही, टोपीवाले! जरा वर येता का?"

बाबांनी मागे पाहिलं. मागे भिंतच होती.

"तुम्हीच! एवढा बांबू धरा. लग्नाचा मांडव आहे. आमचा चौथा माणूस लॅबमध्ये अडकलाय."

तो चौथा माणूस कोण, हे मला माहीत होतं. ताईने सांगितलं होतं की भाऊजींचं नाटकात तेवढंच काम आहे. मी अर्धवट उठलो. बाबा तोपर्यंत पायऱ्यांपाशी पोहोचले होते.

"खांब रोवले नाई?" त्यांनी विचारलं.

"यांच्यात रोवत नाहीत. वर कापड, चारी बाजू उघड्या, आणि बांबू माणसांनी धरायचे."

"अन् सोडला तर?"

"तर पडेल," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी पायरीजवळ चपला काढल्या, सरळ लावल्या आणि वर जाऊन बांबू हातात घेतला. बाकी तिघांच्या पायांत बूट होते. लोंबणारं कापड ताणून बसलं.

पेटी वाजू लागली आणि आतून नवरी आली. चेहऱ्यावर पांढरी जाळी, मान खाली. ज्यूंच्या लग्नात नवरी नवरदेवाभोवती सात फेऱ्या घालते, असं मॅडम बाकीच्यांना समजावत होत्या. ताई फिरू लागली. जाळीतून तिला फक्त जमीन दिसत असावी. बाबांनी तिला पहिल्या फेरीतच ओळखलं. बांबूवर त्यांची बोटं आवळलेली मला मागच्या रांगेतूनही दिसली. मला वाटलं, आता ते खाली उतरतील. उतरले असते तर मांडव पडला असता. ते उतरले नाहीत.

मधल्या एका फेरीला ताई थांबली. तिच्या समोर दोन अनवाणी पाय होते. उजव्या अंगठ्याचं नख वखर लागून कायमचं काळं पडलेलं. आमच्या घरात ते नख सगळ्यांना माहीत आहे.

"थांबू नको, फीर!" मॅडम ओरडल्या. "पेटी पुढे गेली बघ!"

ताई फिरली. सातही फेऱ्या झाल्या.

शेवटी नवरदेव कापडात गुंडाळलेला काचेचा पेला पायाने फोडतो. आनंदाच्या वेळीही जुनं दुःख विसरू नये म्हणून, असं मॅडम म्हणाल्या. गाठ सैल बांधली गेली होती. पाय पडला तशी काच कापडातून निसटून स्टेजभर उडाली.

"मांगं सर," बाबा म्हणाले. "पायाले काच लागन."

दोन वर्षांनी ते तिच्याशी हे बोलले.

ताईने जाळी वर केली. "तुमच्याच पायात चप्पल नाई, बाबा."

"मायं पाहू नोको. तू सर."

पण त्यांना हलता येत नव्हतं, हातात बांबू होता. ताई खाली बसली आणि तोंडावरची जाळी हाताला गुंडाळून त्यांच्या पायांभोवतीची काच वेचू लागली. पेटीवाला उगाच एकच सूर धरून बसला होता.

तेवढ्यात भाऊजी धावत आले, अंगावर लॅबचा पांढरा कोट तसाच. स्टेजवर चढले, बाबांना पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

"आला एकदाचा!" मॅडम म्हणाल्या. "घे, त्यांच्याकडून घे."

भाऊजी पुढे झाले. हात बांबूपर्यंत नेला, पण धरला नाही. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"खालून धर," बाबा म्हणाले. "वरून धरलं की हलते."

भाऊजींनी खालून धरला. बाबांनी लगेच सोडला नाही. दुसराही हात लावायला लावला, एकदा हलवून पाहिलं आणि मग आपले हात काढले.

संध्याकाळी आम्ही पूर्ण नाटक पाहिलं. शेवट सांगत नाही, कधी प्रयोग लागला तर स्वतः पाहा. नाटकातली आई शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावते आणि डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणते, तेव्हा शेजारी बाबांनीही हात जोडले. त्या घरातली माणसं खूप गातात, खूप भांडतात, आणि बाप तर सारखा देवाशी वाद घालतो.

"लय बोलते हा," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "बोलते ते बरं आहे."

लग्नाचा प्रवेश आला तेव्हा चौथा कोपरा अजिबात हलला नाही. तिसरा हलत होता. "त्याले कोणी सांगितलं नाई वाटते," बाबा पुटपुटले.

प्रयोगानंतर ताई म्हणाली, "घरी चला. जेवण करून ठेवलं आहे."

"लॉजचे पैसे भरले," बाबा म्हणाले. आम्ही लॉजवर गेलो. हे लिहू की नको असा विचार केला, पण घडलं ते असं घडलं.

सकाळी वर्ध्याहून गोरसपाक घेतला. वर्ध्याला जाऊन तो न घेता येऊ नये. तुपाची खमंग बिस्किटं, प्रवासात थोडी फुटतात. बाबांनी दोन पुडे घेतले. एक आईसाठी. दुसरा त्यांनी बसस्थानकावर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दवाखान्याच्या गेटवर देऊन ये. मी बस पाह्यतो." मी ऑटोने गेलो, ताईला दिला आणि बस चुकेल या भीतीने घाईने परत आलो. ती चुकलीच, पुढची मिळाली.

घरी आल्यावर आईने सगळं दोनदा ऐकलं. नाटकातली गाणी मला आता नीट आठवत नाहीत. जमिनीत न रोवलेला मांडव मात्र आठवतो. कोणीतरी धरून उभं असेपर्यंतच तो उभा असतो. आमच्याकडे लग्न संपलं की खांब उपटतात. त्यांच्याकडे माणसं हात काढून घेत असतील.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. मी उचलला. बाबा नेहमीप्रमाणे उठले आणि दाराशी थांबले.

"विचार तिले, काच पुरी झाडली काय? पुढच्या खेळाले कोणी बिनचपलीनं गेलं तं?"

मी विचारलं नाही, फोनच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, कानाला लावला आणि गोठ्याकडे चालू लागले.

ताईचा फोन आला की बाबा अजूनही उठून गोठ्यात जातात. आता फोन घेऊन जातात.