डाव्या पायाचं शहाड

थंडीच्या दिवसांत सकाळी उल्हास नदीवर धुकं उतरतं. आमच्या गच्चीवरून पूल अर्धाच दिसतो, बाकीचा अर्धा कुठे गेला ते कळत नाही. मी चहाचा कप घेऊन कठड्याशी उभा राहतो आणि थोडा वेळ मीही असाच अर्धा होतो. वाटतं, आत्ता त्या पांढऱ्यातून बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, नळीचा काळा धूर वर येईल, कोणीतरी डब्यावर पळी वाजवेल आणि चहा आला म्हणून ओरडेल. मग खालून बायको ओरडते, "अहो, कानटोपी तरी घाला!" शहाडच्या थंडीत कानटोपी! मी हसतो, ती चिडते आणि ती बर्फातली छावणी विरून जाते.

मी फौजेत होतो. आता निवृत्त आहे आणि जिथे लहानाचा मोठा झालो त्याच शहाडला राहतो. बऱ्याच वर्षांच्या नोकरीत पुष्कळ ठिकाणं पाहिली, पण धुकं पडलं की आठवतो तो एकच हिवाळा. सीमेवर चकमकी सुरू झाल्या होत्या, माणसं गेली होती, आणि एरवी हिवाळ्यात खाली उतरणारी आमची पलटण त्या वर्षी वरच थांबली. समोरच्या डोंगरधारेवर शत्रूची छावणी होती. दुर्बिणीतून त्यांचाही धूर दिसायचा. तेही बर्फच वितळवत बसलेले असणार.

कारण तिथे युद्ध म्हणजे मुख्यतः बर्फ वितळवणं. उजाडायच्या आधी मोर्चात, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकात, उभं राहायचं, ऊन धारेवर आलं की परत यायचं आणि बुखारीवर डबा चढवायचा. एवढा मोठा डबाभर बर्फ टाकला की तळाशी जेमतेम चहापुरतं पाणी जमायचं. अंडी दगडासारखी व्हायची. बटाटे जमिनीवर पडले की ठण्णकन वाजायचे. रायफलला उघडा हात लावला तर कातडी तिथेच चिकटायची. रॉकेलच्या धुरानं आमची नाकं आतून काळी झाली होती आणि सकाळी शिंकरलं की आपण कोळशाच्या खाणीत कामाला आहोत असं वाटायचं. गोळीबार व्हायचा, पण रोज नाही. थंडी रोज व्हायची.

आणि स्वप्नं. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, झोप नीट लागत नाही आणि जागही नीट येत नाही. दिवसाढवळ्या डोळे उघडे ठेवून माणूस भलतीकडे जायचा. मी तर पहाऱ्यावर उभा असताना आमची नदी पाहिली आहे. समोरच्या हिमनदीच्या जागी उल्हास वाहत होती आणि काठावर कोणीतरी गोधड्या धूत होतं. मला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. उलट गोधड्या वाळतील का, एवढीच काळजी वाटली.

म्हणून नियम होता, एकट्यानं गप्प बसायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार दिलेला असायचा, फौजेत त्याला बडी म्हणतात. माझा बडी माणदेशातल्या एका खेड्यातला होता. त्याचे वडील याच पलटणीत होते, तेव्हा त्याला पलटण म्हणजे घरच वाटायचं. उंच, हाडकुळा, आणि टिंगल करण्यात पटाईत. मला तो "मुंबईकर" म्हणायचा. मी दर वेळी भडकायचो.

"अरे, शहाड मुंबईत नाहीये! कल्याणच्या पुढे आहे."

"ते कल्यान तरी मुंबईतच हाय की."

"नाही!"

"मंग तू हाईस तरी कुठला? ना मुंबईचा, ना गावचा. तुला थंडी वाजती ती बी अर्धीच वाजत असंल."

संध्याकाळी पाय तपासायचे, हा दुसरा नियम. हिमदंशात आधी बोट बधिर होतं, दुखत नाही, त्यामुळे ज्याचं असतं त्यालाच पत्ता लागत नाही. म्हणून बडीनं बडीचे मोजे काढायचे, पाय मांडीवर घ्यायचा, एकेक बोट दाबायचं. ज्याचा पाय त्यानं टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायची आणि कुठलं बोट दाबलं ते सांगायचं. सगळ्या पलटणीत अंगठा, करंगळी असंच चालायचं. आमच्या जोडीत मात्र मी स्टेशनं आणली. अंगठा ठाणं, मग जलद लोकलसारखी मधली स्टेशनं गाळून दिवा, डोंबिवली, कल्याण. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात, म्हणून उजव्या पायाची करंगळी विठ्ठलवाडी आणि डाव्या पायाची शहाड. त्याला ही कल्पना फारच आवडली. जो माणूस कधी कल्याणला उतरला नव्हता, तो टोपीखालून झोपाळू आवाजात "दिवा... डोंबिवली..." म्हणत जायचा, आणि बाजूच्या झोपडीतले जवान विचारायचे, गाडी वेळेवर आहे का.

मग एकेका स्टेशनाची गोष्ट. ठाण्याची त्याला सगळ्यात प्रिय. माझा मामा टेंभी नाक्याजवळ राहायचा, नवरात्रात आम्ही त्याच्याकडे असायचो. देवी येते तेव्हा नाक्यावर केवढा उजेड असतो, दहीहंडीला थर लागतात तेव्हा खालच्या माणसाच्या खांद्यावर वरच्याच्या पायाची बोटं कशी रुतून बसतात, हे मी रोज थोडं थोडं वाढवून सांगायचो. बाहेर वारा झोपडीला धरून हलवत असायचा आणि आत त्याचा पाय मांडीवर घेऊन मी नाक्यावरून चालत असायचो. खरं सांगतो, आयुष्यात एवढं सुख मला थोड्याच वेळा मिळालं आहे.

हिवाळा भरात आला तेव्हा त्याचा एक मोजा टाचेपासून बोटांपर्यंत करपलेला मी पाहिला. तो बुखारीला पाय टेकवून बसला होता म्हणे. "झोप लागली गड्या," म्हणाला. मी त्याला शिव्या घातल्या आणि नवा मोजा दिला. त्या संध्याकाळी त्यानं सगळी स्टेशनं बरोबर सांगितली. दुसऱ्या दिवशीही.

त्यानंतरची संध्याकाळ. बाहेर बर्फ पडत होता, हेलिकॉप्टर बरेच दिवस आलं नव्हतं. मी त्याचा डावा पाय मांडीवर घेतला. ठाणं दाबलं, त्यानं ठाणं सांगितलं. दिवा, डोंबिवली, कल्याण. आणि कल्याणला मला तंद्री लागली. मी गच्चीवर उभा होतो, धुक्यातून पुलाचा उरलेला अर्धा भाग हळूहळू दिसायला लागला होता, माझं बोट हवेतच राहिलं होतं.

"शहाड," तो म्हणाला.

मी त्याच्या करंगळीला हातही लावला नव्हता.

मग मी मुद्दाम अंगठ्याशेजारचं बोट दाबलं. दिवा.

"ठाणं," तो म्हणाला. नवी फेरी सुरू झाली असं त्याला वाटलं होतं.

म्हणजे तो बोटं सांगत नव्हताच. रेल्वेचा क्रम सांगत होता. इतर जोड्या बोटं कशीही उलटसुलट दाबायच्या, पण ठाण्यानंतर दिवाच येतो हे माझ्या हाडात मुरलेलं, दिवा सोडून डोंबिवलीवर उडी मारायची हे मला सुचलंच नसतं. आणि ते त्यानं बरोबर ओळखलं होतं. मी त्याची टोपी ओढून काढली.

"कधीपासून?"

"हाय थोडं. ऊन पडलं की जाईल."

"कधीपासून, सांग!"

"वरडू नगंस. तू सांगू नगं कुनाला. खाली धाडलं की माझी मेडिकल कॅटेगरी उतरंल, पलटन सुटंल. बाला काय तोंड दाखवू?"

करंगळी मेणासारखी पांढरी होती. शेजारची दोनतीन बोटंही फिकट पडलेली. मी शर्ट वर केला आणि त्याचा तो पाय माझ्या उघड्या पोटावर दाबून धरला, आम्हाला शिकवलं होतं तसं. गार दगड ठेवल्यासारखं झालं, श्वासच अडकला. तसाच बसून मी शेजारच्या झोपडीला हाक मारली आणि नर्सिंग असिस्टंटला बोलवायला सांगितलं. तो पाय ओढायला लागला. मी सोडला नाही. त्याच्या पलटणीपेक्षा मला त्याचा पाय हवा होता, एवढंच मला कळत होतं. पाय गेला तर हा माणूस आयुष्यभर कुबडी घेऊन त्या माळावर फिरेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"तुझ्यावर इस्वास टाकला व्हता म्या," तो म्हणाला. मग तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्याला उचलून नेणाऱ्यांत मीही होतो. त्यानं डोळे मिटून घेतले होते. तो झोपलेला नव्हता, हे मला माहीत होतं.

मला दुसरा बडी मिळाला. चांगला पोरगा होता. त्याचे पाय मी अंगठा आणि करंगळी असेच तपासले, कुठूनही कुठेही दाबून. उन्हाळ्यात आम्ही खाली उतरलो. समोरचे मागे गेले, आम्ही मागे आलो. बातमी कळली की त्याची एक करंगळी काढावी लागली, बाकीचा पाय वाचला, पण पलटण सुटली ती सुटलीच. मी फोन केला, त्यानं उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मग मीही करेनासा झालो. माझाही स्वभाव काही गरीब नाही. पण धुक्यात गच्चीवर उभा राहिलो की त्याच्या पायाचा तो गारवा पोटावर जाणवायचा, आणि तेव्हा वाटायचं, त्यानं शिव्या द्याव्यात, काहीही म्हणावं, पण बोलावं.

परवाच्या थंडीत एक दिवस संध्याकाळी बेल वाजली. दारात तो. केस पिकलेले, हातात भाकऱ्यांचं फडकं. कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाला, "तुझ्या मामाचा नाका बघून आलो. तू सांगत व्हतास तेवढा मोठा काय न्हाई."

"तू नवरात्रात नाही गेलास ना!"

"तरी बी." मग आत बघून, "वैनी, ह्यो लई थापा मारतो, तुमास्नी म्हाईत हाय का?"

बायको हसत स्वयंपाकघरात गेली. तो पलंगावर बसला, सावकाश बूट काढला, मोजा काढला, आणि डावा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. खिशातून कानटोपी काढली आणि डोळ्यांवर ओढून घेतली.

मी कल्याण दाबलं. तो म्हणाला, "कल्यान." मी ठाणं दाबलं, मग डोंबिवली, मग दिवा, मग पुन्हा कल्याण. गाडी अशी कधी धावली नसेल. त्यानं सगळी बरोबर सांगितली. मग मी बोट त्या मोकळ्या जागेवर ठेवलं, जिथे आता नुसती गुळगुळीत कातडी होती.

"हितं काय बी लागत न्हाई गड्या," तो म्हणाला.

एवढंच उत्तर मला तेव्हा, त्या झोपडीत, हवं होतं. मी त्याचा पाय दोन्ही हातांत धरून बसलो. आतून बायको जेवायला हाका मारत होती.